रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा ऐकताय? मग शेवटच्या गाण्यापासून सुरू करा

मागे ऑफिसमधल्या एका ज्युनियर मुलीने विचारलं की बीटल्स ऐकायचेत, कुठला अल्बम घेऊ, आणि मी एका सेकंदात सांगून टाकलं, रिव्हॉल्व्हर. चार दिवसांनी ती आली, म्हणाली सर ऐकला, पण हाताला काही लागलं नाही, पहिलं गाणं टॅक्सवर, दुसऱ्यात नुसती व्हायोलिनं, तिसऱ्यात कुणीतरी झोपलंय, चौथ्यात अचानक सतार, मग एक लव्ह साँग आणि त्याच्यावर पिवळी पाणबुडी, हे सगळं एकाच बँडचं आहे ना? तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी नाव सांगितलं आणि वाट सांगितली नाही. ती वाट आता नीट लिहून काढतोय, तिच्यासाठी आणि जे कोणी नव्याने या अल्बमकडे येतायत त्या सगळ्यांसाठी.

माझं पण तसंच झालं होतं. कॉलेजात असताना मावसभावाकडची कॅसेट आणली, दोनदा अर्ध्यात सोडली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा कॅसेट बी साइडच्या शेवटाला येऊन थांबलेली होती, मी तशीच प्ले केली आणि शेवटचंच गाणं सुरू झालं. आई खाली बसून मेथी निवडत होती, ती लग्नाआधी बरीच वर्षं गाणं शिकलेली, तिने मान वर न करता विचारलं, "तानपुरा कुणी लावलाय रे?" मी म्हटलं आई, हे इंग्रजी गाणं आहे. ती म्हणाली असेल, पण तानपुरा आहे. आणि खरंच होता. त्या एका वाक्याने मला हा अल्बम उघडला, म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्यासारख्या लोकांनी, ज्यांच्या कानावर लहानपणापासून कुठे ना कुठे तानपुरा-तबला पडलेला असतो, त्यांनी रिव्हॉल्व्हरमध्ये पुढच्या दाराने शिरू नये, मागच्या दाराने शिरावं.

आधी थोडक्यात माहिती. हा बीटल्सचा, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमवर रिंगो स्टार या चौघांच्या बँडचा, सातवा अल्बम, इंग्लंडमध्ये ५ ऑगस्ट १९६६ ला आला, १४ गाणी, सगळी मिळून जेमतेम ३५ मिनिटं. लंडनमधल्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत ६ एप्रिल ते २१ जून १९६६ असं रेकॉर्डिंग चाललं. निर्माता जॉर्ज मार्टिन, आणि इंजिनियर जेफ एमेरिक, ज्याचं वय तेव्हा फक्त २० होतं, हे वय लक्षात ठेवा कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पायरी १. आवृत्ती बघून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण दोन मिनिटं द्या. १९६६ मध्ये अमेरिकेत जो रिव्हॉल्व्हर निघाला त्यात ११ च गाणी होती, कारण जॉन लेननची तीन गाणी तिथली कंपनी आधीच दुसऱ्या अल्बमवर टाकून मोकळी झाली होती. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात किंवा परदेशातून कुणी आणलेली एलपी मिळाली तर आधी मागे गाणी मोजा, १४ असतील तरच घ्या. १९८७ ला सीडी आल्यापासून सगळीकडे १४ गाण्यांचीच आवृत्ती चालते, त्यामुळे अ‍ॅपवर ऐकणाऱ्यांना ही काळजी नाही.

त्यांना वेगळी काळजी आहे, मोनो (दोन्ही कानांत तोच आवाज) की स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा). त्या काळी इंग्लंडमध्ये घराघरात मोनो प्लेयर होते, त्यामुळे बँडचा जीव मोनो मिक्समध्ये होता आणि स्टिरिओ हे त्या मानाने दुय्यम काम होतं. जुन्या स्टिरिओमध्ये वाद्यं एका कानात आणि आवाज दुसऱ्या कानात असा कारभार आहे, आणि तुम्ही जर लोकलमध्ये एकच इअरफोन कानात घालून दुसरा कान अनाउन्समेंटसाठी मोकळा ठेवत असाल तर तुमचं अर्धं गाणं चक्क गायब होतं आणि तुम्हाला वाटतं की गाणंच असं पोकळ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नवीन मिक्स आला, जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केलेला. मूळ रेकॉर्डिंग चार ट्रॅकच्या मशीनवर झालेलं, म्हणजे ड्रम, बेस, गिटार सगळं एकाच पट्टीवर चिकटलेलं, ते सुटं करायला दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने बनवलेलं सॉफ्टवेअर वापरलं. हा मिक्स ज्या सुपर डीलक्स आवृत्तीत आहे, तिच्यात मोनो पण आहे. माझा सल्ला असा की घरी स्पीकरवर ऐकणार असाल तर मोनो, हेडफोनवर २०२२ चा मिक्स, आणि १९६६ चा स्टिरिओ पुढे कधीतरी प्रेम जडल्यावर.

पायरी २. शेवटचं गाणं आधी ऐका, एकटंच

गाण्याचं नाव टुमॉरो नेव्हर नोज. अल्बममध्ये १४ वं, पण रेकॉर्ड झालं सगळ्यात आधी, ६ एप्रिलला. म्हणजे बँडने ज्या ठिकाणाहून सुरुवात केली तिथूनच आपण करतोय, उलटं काहीच नाही यात.

दिवसभराचं आवरलं की बसा, मोठा लाइट बंद करा. पहिला आवाज येतो तो तानपुऱ्याचा, हीच ती माझ्या आईने ओळखलेली जागा. आता एक गोष्ट करा, मनातल्या मनात किंवा हलक्या आवाजात तो सा धरून ठेवा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका. तुमच्या लक्षात येईल की सोडावा लागतच नाही. इंग्रजी गाण्यात साधारण दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, बदलतो, जमीनच सरकत राहते, इथे मात्र सबंध गाणं एका सा वर उभं आहे, फार तर वरती कोमल नी चा रंग येऊन जातो. रॉक ऐकत वाढलेल्या माणसाला त्या काळात हे केवढं विचित्र वाटलं असेल, आणि आपल्याला किती ओळखीचं वाटतं बघा, आपल्याकडे ख्यालाची मैफल एका सा वर दीड दीड तास बसते.

दुसऱ्यांदा ऐका तेव्हा रिंगोचा ड्रम पकडा. एकच ठेका, अडखळल्यासारखा, पण एकदाही हलत नाही. हा आवाज असा भरदार, छातीत बसणारा का आहे? तर त्या २० वर्षांच्या एमेरिकने बेस ड्रमच्या आत एक लोकरीचा स्वेटर कोंबला, बँडकडे चार गळ्यांचा एक गमतीशीर स्वेटर पडलेला होता तो, आणि माइक ड्रमच्या अगदी जवळ नेऊन ठेवला, जे स्टुडिओच्या नियमात बसत नव्हतं, माइक खराब होईल म्हणून किती अंतर ठेवायचं याचे तिथे लेखी नियम होते.

तिसऱ्यांदा, ते सीगलसारखे ओरडण्याचे आवाज. ते पक्षी नाहीत, तो पॉल मॅकार्टनीचा हसण्याचा आवाज आहे, टेपचा वेग वाढवून. पॉल घरी टेपरेकॉर्डरवर प्रयोग करायचा, टेपचा तुकडा कापून दोन्ही टोकं चिकटवून त्याचं वेटोळं करायचं, म्हणजे तोच आवाज फिरून फिरून येत राहतो. अशी वेटोळी तो स्टुडिओत घेऊन आला आणि त्यातली पाच वापरली. पाच वेगवेगळी मशीन एकाच वेळी चालू, त्या टेपा मशीनपेक्षा लांब होत्या, ढिल्या पडू नयेत म्हणून माणसं हातात पेन्सिली धरून उभी, टेप त्या पेन्सिलीवरून फिरतेय, आणि इकडे कंट्रोल रूममध्ये एकेक आवाज हाताने वरखाली करतायत. आपण कॅसेट गुंतली की पेन्सिल घालून गोल गोल फिरवायचो ना, ती पेन्सिल डोळ्यासमोर आणा, तीच पेन्सिल इथे वाद्य झालीये. आणि हे मिक्सिंग जसं त्या क्षणी झालं तसं परत कधीच झालं नसतं, मैफलीसारखं, जे झालं ते झालं.

मग लेननचा आवाज. सुरुवातीला साधा आहे, मधला वाद्यांचा तुकडा संपला की एकदम बदलतो, थरथरतो, लांबून आल्यासारखा होतो. लेननने मागणी केली होती की माझा आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलतायत तसा पाहिजे. तर त्यांनी तो लेस्ली स्पीकरमधून काढला, हा हॅमंड ऑर्गनबरोबर येणारा पेटीतला स्पीकर, आतला भाग गोल फिरतो. लहानपणी टेबल फॅनसमोर तोंड धरून "आऽऽ" केलंय? त्याच जातीची गोष्ट. शब्द आले टिमोथी लिअरी हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सोबत्यांच्या एका पुस्तकातून, ज्याचा आधार तिबेटी मृत्यूग्रंथ आहे, आणि तो काळ एलएसडीचा होता हेही लपवायचं कारण नाही. पण नशेशिवाय हे गाणं कळत नाही असं जे कोणी सांगतं त्याचं ऐकू नका. शांत बसून सा धरला की कळतं.

पायरी ३. आता चौथं गाणं

लव्ह यू टू. जॉर्ज हॅरिसनचं. बीटल्सनी सतार आधी १९६५ मध्ये नॉर्वेजियन वूडमध्ये वापरली होती, पण तिथे ती गिटारच्या जागी आलेली पाहुणी होती, इथे मात्र गाण्याचा सांगाडाच आपल्याकडचा आहे.

ऐकताना घड्याळ बघा. पहिली साधारण ३५-४० सेकंद ताल नाही, सतारीच्या तारा छेडल्या जातात, सूर चाचपले जातात, म्हणजे आलापाची छोटी प्रतिमा. मग तबला येतो आणि लय बांधली जाते. कोमल गंधार, कोमल निषाद, आपल्या काफी थाटाच्या जवळचं वातावरण. ओळीच्या शेवटी जॉर्ज स्वर ओढून वळवतो, तिथे कान द्या. आणि शेवटी लय वाढते, द्रुतसारखी, आणि रंगात येत असतानाच गाणं विरून जातं. हे मला दरवेळी खुपतं, अजून एक मिनिट पाहिजे होतं, कुठल्याही आपल्या माणसाला पाहिजेच असेल, पण तीन मिनिटांत आलाप, गत आणि द्रुत असं सगळं सुचवायचं धाडस एका २३ वर्षांच्या लिव्हरपूलच्या मुलाने केलंय हे लक्षात घेऊन ऐका.

तबला कुणाचा आहे? एलपीच्या मागच्या बाजूला या गाण्यासमोर छापलंय, अनिल भागवत, तबला. मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा कव्हर हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत बसलो. बाहेरच्या वादकांची नावं तेव्हा पॉप रेकॉर्डवर सहसा छापतच नसत, आणि इथे जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडच्या कव्हरवर भागवत हे आडनाव. त्यांनी स्वतः नंतर सांगितलेली हकीकत अशी की अंगडी नावाच्या गृहस्थांचा अचानक फोन आला, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का, कोण जॉर्ज ते काही सांगितलं नाही, आणि न्यायला दारात रोल्स रॉइस आली तेव्हा कळलं की बीटल्सकडे जायचंय. तिथे जॉर्जने १६ मात्रांचं काहीतरी, रविशंकरांच्या धाटणीचं वाजवा असं सुचवलं आणि बाकी त्यांच्यावर सोडलं.

हे अंगडी म्हणजे आयाना अंगडी, लंडनमध्ये त्यांची आणि पत्नी पॅट्रिशियांची एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, इंग्लंडमधल्या लोकांना हिंदुस्थानी संगीताची गोडी लावण्यात तिचा मोठा वाटा आहे. सतारीचा नेमका किती भाग जॉर्जने वाजवला आणि किती या संस्थेतल्या वादकाने, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, मी त्यात पडत नाही. गंमत ही की तोपर्यंत जॉर्जची आणि रविशंकरांची भेट झालीच नव्हती, ती झाली जून १९६६ मध्ये. जुलैमध्ये मनिलाहून परतताना बँड दिल्लीत उतरला, तिथे कॅनॉट प्लेसच्या रिखीराम यांच्या दुकानातून जॉर्जने सतार घेतली. आणि सप्टेंबरमध्ये तो बायकोला घेऊन मुंबईत आला, ताजमध्ये उतरला, रविशंकरांकडे शिकायला. म्हणजे लव्ह यू टू हे शिकून झाल्यावर केलेलं गाणं नाही, शिकायची ओढ लागलेल्या माणसाचं गाणं आहे, आणि मला ते त्यामुळेच जास्त आवडतं.

जमलं तर एकदा हातावर तीनताल धरून ऐका. सगळीकडे जुळणार नाही, गाण्याचे शब्द मधेच मोजणी मोडतात, पण कुठे मोडतात ते शोधण्यात मजा आहे.

पायरी ४. अख्खा अल्बम, एका बैठकीत

शफल बंद. फोन सायलेंट. सातव्या गाण्यानंतर पॉज करा, उठा, पाणी प्या, परत बसा, कारण एलपीची पहिली बाजू तिथे संपायची आणि गाण्यांची मांडणी तशीच केलेली आहे.

टॅक्समनच्या सुरुवातीला एक-दोन-तीन-चार अशी संथ मोजणी येते, खोकणं येतं, आणि तिच्या मागे हळूच दुसरी, खरी मोजणी ऐकू येते, ती पकडा. गाणं जॉर्जचं, चिडलेलं, पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनच्या सरकारच्या काळात श्रीमंतांच्या वरच्या उत्पन्नावर ९५ टक्के कर बसायचा त्यावर, आणि विल्सन, हीथ अशी पुढाऱ्यांची नावं थेट गाण्यात घेतलीयत. मधला तो सुरीसारखा गिटारचा तुकडा मात्र पॉलने वाजवलाय. एलेनॉर रिग्बीवर खाली सविस्तर बोलू. आय'म ओन्ली स्लीपिंगमध्ये गिटार उलटी वाजते, म्हणजे टेप उलटी फिरवलेली, सूर आधी फुगतो आणि मग तुटतो, अर्धवट झोपेत कानावर पडणाऱ्या आवाजांसारखा. हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर हे पॉलचं सगळ्यात देखणं प्रेमगीत आहे माझ्या मते, बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या आवाजांच्या थरांचा परिणाम त्यात स्पष्ट ऐकू येतो.

यलो सबमरीनपाशी खूप जण नाक मुरडतात, बालगीत आहे म्हणून. आहेच ते बालगीत, रिंगोच्या आवाजातलं, आणि फार प्रेमाने केलेलं. १ जूनला स्टुडिओच्या कपाटातून साखळ्या, घंटा, भोंगे, टब असं सामान बाहेर काढलं, मित्रमंडळी बोलावली, रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स तिथे ग्लास किणकिणवत होता. घरात लहान मूल असेल तर हे गाणं त्याच्यासोबत ऐका, कुठला आवाज कशाचा ते ओळखायला लावा. मग शी सेड शी सेड, इथे मधेच चारचा ठेका तीनवर येतो आणि परत चारवर जातो, आपल्या भाषेत केरव्यातून दादऱ्यात शिरून परत केरव्यात आल्यासारखं, आणि रिंगोने ते इतक्या सहज केलंय की पहिल्या ऐकण्यात कळतही नाही.

दुसरी बाजू मी भरभर सांगतो. गुड डे सनशाइन उन्हाळ्याचं, हलकं. अँड युअर बर्ड कॅन सिंगमध्ये दोन गिटारी जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून पळतात. फॉर नो वनपाशी थांबा, नातं संपलंय, कुणी रडत नाहीये, फक्त दिवस चाललाय, आणि मधे अ‍ॅलन सिव्हिल नावाच्या मोठ्या वादकाचा फ्रेंच हॉर्न येतो, पॉलने त्याच्याकडे वाद्याच्या नेहमीच्या आवाक्याच्या वरचा सूर मागितला आणि त्याने तो काढून दिला. गाणं संपत नाही, अर्धवट सुरावर सोडून दिलंय, तसंच मुद्दाम. डॉक्टर रॉबर्ट मला या अल्बममधलं सगळ्यात कमी लागतं, तुम्हाला आवडलं तर चांगलंच आहे. आय वाँट टू टेल यूमध्ये पियानोचा एक सूर खटकत राहतो, तो खटकायलाच ठेवलाय, बोलायचंय पण शब्द सापडत नाहीत असं गाणं आहे ते. हे जॉर्जचं तिसरं, एका अल्बममध्ये तीन गाणी त्याला पहिल्यांदाच मिळाली. गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ म्हणजे तीन ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोनची आतषबाजी. आणि मग परत तो तानपुरा, आता तो १३ गाण्यांनंतर येतो, आणि बघा किती वेगळा लागतो.

पायरी ५. एका फेरीत एकच गोष्ट ऐका

पुढच्या आठवड्यात अजून तीन-चारदा ऐका, पण दरवेळी कान एकाच गोष्टीवर ठेवायचा. एकदा फक्त बेस. पॉलचा बेस इथे मागे बसून साथ देत नाही, स्वतःची चाल गातो. एकदा फक्त ड्रम. एकदा फक्त लेननचा आवाज, तो जाड आणि किंचित पसरलेला का वाटतो ते. लेननला प्रत्येक गाणं दोनदा गाऊन एकावर एक बसवायचा कंटाळा यायचा, म्हणून स्टुडिओतल्या केन टाउनसेंड या इंजिनियरने दुसऱ्या टेप मशीनवरून तोच आवाज किंचित मागे-पुढे करून परत मिसळायची युक्ती शोधली. आज जगभर रेकॉर्डिंगमध्ये जे आवाज दुप्पट करण्याचे प्रकार चालतात त्यांचं मूळ इथे सापडतं.

पायरी ६. शब्द, पण आता

शब्द वाचायची घाई आधी करू नका असं मी म्हणतो, कारण वाचत बसलं की कान बंद होतात. पण एलेनॉर रिग्बीचे शब्द वाचाच. चौघांपैकी कुणीही यात वाद्य वाजवलेलं नाही, फक्त आठ तंतुवाद्यं, चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. जॉर्ज मार्टिनने ती अशी लिहिली की ती गोड वाहत नाहीत, टोचतात. एमेरिकने माइक तारांच्या इतके जवळ नेले की वादक अस्वस्थ होऊन खुर्च्या मागे सरकवत होते, आणि म्हणूनच गजाचा खरखरीत स्पर्श ऐकू येतो.

आणि पहिलंच चित्र बघा. चर्चमध्ये लग्न लागून गेलंय, वऱ्हाड निघून गेलंय, आणि ही बाई खाली सांडलेले तांदूळ वेचतेय. इंग्लंडमध्ये लग्नात नवराबायकोवर तांदूळ टाकतात हे माहीत नसलेला वाचक इथे अडखळतो, आपल्याला समजवायलाच नको, आपण अक्षता टाकत वाढलोय. कार्यालय रिकामं झाल्यावर सतरंजीवर विखुरलेल्या त्या लाल-पिवळ्या अक्षता, वर अर्धवट लोंबणाऱ्या माळा, आणि एक बाई, जिचं स्वतःचं लग्न कधी झालं नाही, वाकून त्या गोळा करतेय. दुसरीकडे पाद्री मॅकेन्झी, कुणी ऐकायला येणार नाही असं प्रवचन लिहितो, रात्री एकटा बसून मोजे रफू करतो. दोघं एकाच गाण्यात राहतात आणि भेटतात ते फक्त तिच्या दफनाच्या वेळी, ज्याला दुसरं कुणी आलेलं नाही. दोन मिनिटं आणि काही सेकंद, एवढ्यात दोन आयुष्यं संपतात. हे लिहिताना पॉल चोवीस वर्षांचाही पुरता झालेला नव्हता.

पायरी ७. अल्बमच्या बाहेर थोडं

याच दिवसांत रेकॉर्ड झालेली दोन गाणी अल्बममध्ये नाहीत, जूनमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या छोट्या रेकॉर्डवर, निघाली, पेपरबॅक रायटर आणि रेन. रेन सोडू नका. वाद्यं जास्त वेगात वाजवून टेप संथ केलीये, त्यामुळे सगळं जड, ओलं वाटतं, आणि शेवटी लेननचा आवाज उलटा येतो. २०२२ च्या सुपर डीलक्स संचात त्याची मूळ वेगातली फेरी (टेक) आहे, ती आणि अंतिम गाणं पाठोपाठ लावा, तेच लोक आहेत यावर विश्वास बसत नाही. त्याच संचात यलो सबमरीनचा लेननने एकट्याने गिटारवर म्हटलेला सुरुवातीचा खर्डा आहे, उदास, एकाकी, पाणबुडीचा पत्ता नाही, आणि लव्ह यू टूची पहिली फेरी पण आहे, साध्या गिटारवरची. पण हे सगळं मूळ अल्बम पाठ झाल्यावर.

बँड त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होता, २९ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांचा शेवटचा तिकीट लावून केलेला कार्यक्रम झाला. या १४ मधलं एकही गाणं त्यांनी दौऱ्यात वाजवलं नाही. किंचाळणाऱ्या गर्दीसमोर दोन-तीन गिटारी आणि ड्रम घेऊन हे वाजवणार तरी कसं?

आणि लव्ह यू टू आवडलं असेल तर पुढचा थांबा द इनर लाइट, जॉर्जचंच गाणं, १९६८. त्याचं संगीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत जानेवारीत रेकॉर्ड झालं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. तिथली वाद्यं आपल्या मातीत, आपल्याच लोकांनी वाजवलेली आहेत, रिव्हॉल्व्हरमधल्या त्या तीन मिनिटांच्या ओढीचं पुढे काय झालं ते तिथे ऐकू येतं.

शेवटची एक सूचना, अ‍ॅपवर ऐकणाऱ्यांसाठी. ऑटोप्ले बंद करून ठेवा. नाहीतर टुमॉरो नेव्हर नोज संपता संपता अ‍ॅप दुसरंच काहीतरी लावतं, आणि नेमका तेव्हाच, सगळे आवाज विरत असताना, अगदी मागून एक खणखणीत जुनाट पियानो काही क्षण ऐकू येतो, एखाद्या गल्लीतल्या बारमध्ये कुणीतरी वाजवत बसल्यासारखा. मला तो सापडायला चार वर्षं लागली. तो येऊन जाईपर्यंत फोनला हात लावू नका.